उभ्या ट्रॉलीची साक्ष

चूक

शिवलीला शुद्धीवर आली तेव्हा तिचा डावा पाय मांडीपासून खाली नव्हता, आणि चूक तिची ठरून गेली होती.

पाय दवाखान्यात गेला. चूक पोलीस ठाण्यात ठरली. एकाच रात्री. दोन्हींच्या वेळी तिला कुणी काही विचारलं नाही.

ठरलेली चूक अशी होती. बेंबळीच्या पुढं खडकमाळची चढण लागते. त्या चढणीवर उसानं भरलेली एक ट्रॉली नादुरुस्त होऊन दुपारपासून उभी होती. मागं दगड लावले होते, लिंबाच्या फांद्या टाकल्या होत्या. संध्याकाळी सदर महिला भरधाव स्कूटीवर आली आणि उभ्या ट्रॉलीला मागून धडकली.

"धडकले न्हाय," शिवलीला म्हणाली. "ट्रॉली माझ्या म्होरं चालली होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मी मागं, अंतर राखून. अन् मग मागली ट्रॉली मागं आली."

"मागं म्हणजे?" अ‍ॅडव्होकेट अर्पितानं विचारलं.

"मागं म्हंजे मागं, मॅडम. माझ्याकडं."

अर्पिता मूळची परंड्याची. धाराशिवच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवायची. तिच्याकडं आलेल्या प्रत्येक जखमी माणसाला अपघात आठवत असे, आणि प्रत्येक कागदाला वेगळाच आठवत असे. कागदाची स्मरणशक्ती कोर्टात चांगली समजली जाते.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीनं भरपाई नाकारली होती. चूक अर्जदाराची. शिवाय अर्जदार गृहिणी आहे. ती घरी खवा करते असं म्हटलं तरी, खवा हातानं घोटतात; त्याला पाय लागत नाही.

अर्पितानं ते वाक्य दोनदा वाचलं आणि कागद टेबलावर उलटा टाकला.

शिवलीलाला नवा पाय हवा होता. उरलेल्या मांडीवर अजून एक शस्त्रक्रिया झाल्याशिवाय तो बसणार नव्हता. चूक तिची राहिली, तर दोन्ही नाही.

"तुम्हाला तिथून उचललं कुणी?"

"आमच्या भावजींनी. श्रीशैल भावजी. देवानंच धाडलं त्यांना."

फोटो

पोलिसांनी काढलेला. अपघातानंतर लगेच, मोठे दिवे लावून.

एक ट्रॉली, ट्रॅक्टरशिवाय. ट्रॅक्टर पुढची ट्रॉली घेऊन मिस्त्री आणायला गेला होता, असं म्हणतात. ट्रॉलीत ऊस अगदी वरपर्यंत रचलेला, मागची बाजू भांग पाडल्यासारखी नीट. चाकांमागं दगड. दगडांच्या पुढं हिरव्या फांद्या. ट्रॉलीखाली स्कूटी. स्कूटीशेजारी खव्याचा डबा, झाकण उघडलेलं. बाकी काळा, स्वच्छ, रिकामा डांबरी रस्ता.

अर्पितानं हा फोटो भिंग लावून पाहिला. दगड मोजले. फांद्यांची पानं पाहिली. काही सापडलं नाही.

उत्तर त्या फोटोतच होतं. फक्त तो फोटो असा पाहायचा नव्हता.

मोड

चढण जिथं सुरू होते तिथं रस्ता मोड घेतो. मोडावर शाळा, एसटीचा थांबा आणि कल्याणप्पाचं चहाचं हॉटेल. हॉटेलाशेजारी कल्याणप्पाची म्हैस. अपघाताला महिना व्हायचा होता, कारखाने अजून चालू होते. ज्यांचा ऊस तुटायचा राहिला होता त्यांच्या रानात तुरे आले होते, आणि जो भेटेल तो ऊसतोडीची टोळी कधी येणार एवढंच बोलत होता.

अर्पिता शिवलीलाचा नवरा ईरण्णा याच्याबरोबर तिथं उभी होती, तेवढ्यात एक भरलेला ट्रॅक्टर मोडावर आला. स्पीकरवर गाणं, समोर म्हशी आडव्या. तो थांबला मात्र, थांब्यावरच्या दोन म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, कल्याणप्पाचं एक गिऱ्हाईक असे सगळे ट्रॉलीला भिडले. ड्रायव्हर शिव्या देत होता. ओढणाऱ्यांपैकी एकीनं त्याला सांगितलं, "गप ये, तुझ्या बापाचा हाय का ऊस?"

"तुमच्याबी बापाचा न्हाय, मावशी!"

"म्हनून तर ओढतीय!"

ट्रॅक्टर निघाला तेव्हा मागच्या बाजूला दाढी अर्धवट केल्यासारखी भोकं पडली होती, आणि रस्त्यावर चिपाडांचा सडा.

घरी शिवलीलाच्या सासूनं, पार्वतम्मांनी, ताटलीत उसाचे तुकडे आणून ठेवले. "खा गं बाळ. मोडावरचाच हाय."

"अव्वा, वकिलाला चोरीचा माल चारतीस व्हय?" खाटेवरून शिवलीला म्हणाली. त्या घरात महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली असावी, कारण ईरण्णानं वळून तिच्याकडं पाहिलं.

"चोरी कशाची? चालती ट्रॉली मालकाची, थांबली की गावाची."

अंगणापलीकडं श्रीशैलचं रान. भावाभावांच्या वाटण्या झालेल्या. त्याच्या रानातला ऊस तुटून गेला होता, मागं राहिलेल्या खोडव्याला बोटभर हिरवे कोंब आले होते. तो अर्पिताला बांधापर्यंत सोडायला आला.

ट्रॉलीच्या मागं काय झालं ते त्यालाच माहीत असणार, असं तिला वाटलं. पण तिचा अंदाज अर्धाच होता. त्याला ट्रॉलीच्या पुढचंही माहीत होतं.

उत्तरं

(प्रश्न गाळले आहेत. तसंही ते कुणी नीट ऐकत नव्हतं.)

उमाशंकर, ट्रॅक्टरचा आणि ट्रॉल्यांचा मालक, गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून:

"व्हय, माझाच. ... ट्रॅक्टरचा विमा हाय की. ट्रॉलीला कशाला लागतो? ट्रॉलीला काय इंजिन असतं का? ... वाईट वाटतं हो. पण बाईमाणसानं तिन्हीसांजेला गाडी हाणायची आन् आमच्या नावानं बोंबलायचं, ह्ये कुठं बसतं? ... असंल कुणाचा तरी. आमी काय उसाला नाव इचारतो? ... टोळी माझी, वाहनं माझी. कुणाचा आधी न्यायचा, कुणाचा मागं, त्ये मला बघावं लागतं. सगळ्या गावाचा जीव माझ्या हातात, आन् तुमी एका पायाचं घेऊन बसलाय. ... चहा घेणार?"

धनाजी, त्याचा ड्रायव्हर:

"दुपारी मागल्या ट्रॉलीचा पाटा तुटला. ... फुडली ट्रॉली घेऊन मिस्त्रीकडं गेलो. ... राखणीला? कोनबी न्हाय. ट्रॉली काय पळून जाती व्हय? ... मालकाला इचारा. ... मालकाला इचारा म्हनलं न्हवं!"

कल्याणप्पा, हॉटेलवाला, जागा उमाशंकरची:

"दुपारपासनं माझ्या डोळ्यासमोर उभी. म्या गल्ल्यावरनं हललो न्हाय. ... वहिनी जाताना इथनंच गेल्या. त्यास्नी म्हाईत व्हती ट्रॉली. येताना ध्यान नसंल. ... कुणाचा ऊस? (कप विसळत) आता काय सांगावं."

श्रीशैल:

"वहिनी मला आईच्या जागी. ... वाटंनं चाललो होतो, योगायोग. ... ठाण्यात गेलो, ते म्हणाले तसं सांगितलं. माझं डोकं ठिकाणावर न्हवतं मॅडम. ... उभीच होती, व्हय. ... आमचा? आमचा गेला की ऊस, लवकर गेला यंदा. नशीब लागतं."

दात

त्या दिवशी धाराशिवला परत येताना अर्पिताच्या दातात उसाचा धागा अडकला. ऑफिसात बसून फोटो बघतानाही जीभ तिथंच जात होती. शेवटी तिनं नखानं धागा ओढून काढला, बोटावर धरून पाहिला, टाकायला म्हणून हात टेबलाबाहेर नेला. आणि हात तिथंच राहिला.

तिनं फोटो पुन्हा जवळ ओढला. काळा, स्वच्छ, रिकामा डांबरी रस्ता.

"गाढव आहे मी," ती मोठ्यानं म्हणाली. बाहेर बसलेल्या दोन पक्षकारांनी एकमेकांकडं पाहिलं.

हा प्रश्न नको

अशा दाव्यांत साक्षीची पाळी यायला किती काळ जातो हे ज्याचं हाड मोडलंय त्यालाच कळतं. दोन हंगाम गेले. शिवलीलाच्या मांडीची जखम बुजे, पुन्हा पाझरे. दर तारखेला श्रीशैल तिला आपल्या जीपमधून आणायचा. सीटवर उशी ठेवायचा. उतरताना हात द्यायचा. कोर्टातले लोक म्हणायचे, असा दीर मिळायला भाग्य लागतं.

आणि याच दिराला विमा कंपनीनं आपला साक्षीदार केलं होतं. घरचाच माणूस सांगतोय ट्रॉली उभी होती, आणखी काय पाहिजे?

साक्षीच्या दिवशी अर्पितानं शिवलीलाला जिन्याखाली गाठलं.

"दोन प्रश्न आहेत माझ्याकडं. पहिला कल्याणप्पाला. त्यानं ट्रॉली उभी नव्हती हे सिद्ध होईल. दुसरा श्रीशैलला. तो विचारला की तुमचं घर मोडेल."

शिवलीला भिंतीला टेकून कुबडीवर उभी होती. बाहेर जीपपाशी श्रीशैल उशी झटकत होता.

"नुसत्या पहिल्यावर भागंल का?"

"कदाचित. ट्रॉली उभी नव्हती एवढं कळेल. मग काय झालं, ते सांगणारा कुणी उरणार नाही. ते म्हणतील, चालती असेल, पण धडकली तीच."

"भावजींना काय इचारणार?"

अर्पितानं सांगितलं. साधा पाच शब्दांचा प्रश्न.

शिवलीलानं बाहेर श्रीशैलकडं पाहिलं. तिच्या लक्षात येत होतं, आणि तिला ते येऊ द्यायचं नव्हतं. मग ती म्हणाली, "त्या दिवशी भावजींनी मला उचललं तवा त्यांच्या हाताला, कपड्याला उसाचं पाचट लागलं होतं, मॅडम. माझ्या तोंडाला टोचत होतं. एवढी वर्षं मला वाटतंय, माझ्याच डोक्यात काय तरी झालंय."

"विचारू?"

"इचारा."

पहिला प्रश्न

कल्याणप्पानं सांगायचं ते नीट सांगितलं. अर्पिता उठली.

"ट्रॉली दुपारपासून संध्याकाळपर्यंत तुमच्या हॉटेलासमोर होती."

"व्हय."

"राखायला कुणी नव्हतं."

"ड्रायव्हर मिस्त्रीकडं गेलता."

"मधल्या वेळात शाळा सुटली असेल."

"सुटती की रोज."

"एसट्या आल्या, माणसं उतरली, थांब्यावर बसली."

"व्हय."

"तुमची म्हैस शेजारीच बांधलेली असते."

"असती."

"मग त्या ट्रॉलीतून तुम्ही किती ऊस ओढलात?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. विमा कंपनीचे वकील उठले, "ऊस खाण्याचा आणि अपघाताचा काय संबंध?"

न्यायाधीशांनी फोटो हातात घेतला होता. ते कोल्हापूरकडचे. "साक्षीदार उत्तर देतील," ते फोटोवरची नजर न काढता म्हणाले.

"एकबी न्हाय," कल्याणप्पा म्हणाला.

"पोरांनी?"

"न्हाय."

"बायकांनी? म्हशीनं?"

"कुणीबी न्हाय! आमचं गाव काय चोर हाय का?"

आता सगळं कोर्ट हसलं. धनाजी ड्रायव्हरसुद्धा हसला, आणि उमाशंकरनं त्याच्याकडं पाहिल्यावर त्याचं तोंड मिटलं.

अर्पिता हसली नाही. तिचा आवाज चढला होता. "चोर कोण म्हणतंय? मी परंड्याची आहे, मीही ओढलाय. या जिल्ह्यात भरलेली ट्रॉली गावात क्षणभर थांबली तर मागून भोकं पडतात. ही बेवारस ट्रॉली शाळेसमोर, थांब्यासमोर अख्खी दुपार उभी होती म्हणे. फोटो बघा साहेब. ऊस रचला तसाच्या तसा आहे. एक कांडं ओढलेलं नाही. आणि रस्ता बघा. एक चिपाड नाही. दगड आणले, फांद्या आणल्या, साक्षीदार आणले. चिपाडं आणायची राहिली, कारण ती आणायची असतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ती आपोआप पडतात. ट्रॉली उभी असली तर."

कल्याणप्पानं घाम पुसला. त्याला आता दोनच वाटा होत्या. राखण होती म्हणावं, तर राखणदार दाखवावा लागणार. पोरांनी ओढला म्हणावं, तर फोटो नाही म्हणत होता.

"मला... मला दुपारी डुलकी लागली आसंल," तो म्हणाला.

दुसरा प्रश्न

श्रीशैल पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानं वहिनीकडं पाहून हात जोडले.

"त्या ट्रॉलीतला ऊस कुणाचा होता?"

त्यानं जोडलेले हात खाली घेतले.

"सोपा प्रश्न आहे. ट्रॉली उलटली, पेटली, अडकली, तर गावात पहिलं हेच विचारतात. पोलिसांच्या या सगळ्या जबाबांत ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दुपारच्या उन्हात तोडलेला ऊस वाळतो. ज्याचा ऊस वाळतोय तो मालक तिथं येऊन बोंब मारत नाही? इथं कुणीच आलं नाही. म्हणून मला वाटतं मालक आधीपासूनच तिथं होता. त्या हंगामात सगळं गाव टोळीची वाट बघत होतं. तुमच्या रानात मात्र खोडव्याला कोंब आले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, तुम्हीच बांधापर्यंत सोडायला आला होतात. ऊस कुणाचा होता, श्रीशैल?"

उमाशंकर बाकावरून अर्धा उठला. "साहेब, ह्ये—"

"बसा," न्यायाधीश म्हणाले.

श्रीशैलनं उमाशंकरकडं पाहिलं, मग शिवलीलाकडं. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ती नुसती वाट बघत होती, त्या संध्याकाळी चढणीवर पडून उचलणाऱ्याची बघत होती तशीच.

"माझा," तो म्हणाला.

मग ते थांबेना.

"मी ट्रॅक्टरवरच होतो. दोन ट्रॉल्यांच्या जोडाच्या पिनीच्या जागी यांनी सळईचा तुकडा घातला होता. मी म्हणालोबी, चढणीला टिकंल का. धनाजी म्हणाला, कालपासनं टिकलाय. चढणीवर ती सळई तुटली, आन् मागली ट्रॉली सुटली. मी उडी मारली, पळालो... वहिनींनी वळवायला बघितलं. न्हाय जमलं." त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. "दवाखान्यात सोडून ठाण्यावर गेलो तर मालक आधीच तिथं. म्हणाले, ट्रॉली उभी होती म्हण. न्हायतर तुझा उरलेला ऊस रानातच वाळंल. पुढच्या वर्षीबी वाळंल. टोळी माझी हाय. निम्मा फड उभा होता साहेब."

"तो कधी तोडला?"

"दुसऱ्याच दिवशी."

जखमी बाई शुद्धीवर यायची होती तेव्हा टोळी तिच्या दिराच्या फडात शिरली होती. कोर्टात आता कुणी हसत नव्हतं.

खवा

विमा कंपनीचे वकील तरुण होते, हुशार होते. त्यांनी पाच मिनिटांत बाजू बदलली. ट्रॉलीला विमाच नव्हता, तेव्हा जे काय द्यायचं ते मालकानं द्यावं. मालकाचे वकील म्हणाले, ट्रॅक्टरला विमा आहे, कंपनीनं द्यावं. जे सकाळपर्यंत एका सुरात बोलत होते ते एकमेकांवर ओरडू लागले. कापलेल्या पायाशेजारी बसून ते भांडत होते, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग कंपनीच्या वकिलांना जुना मुद्दा आठवला. शिवलीलाला पुन्हा उभं केलं.

"खवा तुम्ही हातानंच घोटता ना?"

"व्हय."

"हात शाबूत आहेत?"

"हायत."

"मग धंदा बुडाला असं कसं म्हणता?"

शिवलीलानं कुबडी कठड्याला लावून ठेवली.

"साहेब, तुमी या आमच्याकडं. कढई ठिवते, दूध वतते, खालनं जाळ. एका पायावर उभं ऱ्हावा आन् उलथणं फिरवा. खवा होईस्तवर थांबायचं न्हाय, टेकायचं न्हाय. दूध लागू दिऊ नका. आन् तोल गेला तर कढईला धरू नका, एवढंच सांगते."

वकिलांनी कागद चाळले. "आणखी प्रश्न नाहीत."

निकालाची तारीख पुढची पडली. कोण देणार, किती देणार, कधी देणार, यावर अजून बरंच भांडायचं होतं त्यांना. पण न्यायाधीशांनी साक्ष वाचून दाखवली तेव्हा ईरण्णानं शिवलीलाकडं बघून मान हलवली. चूक आता तिच्याकडं नव्हती.

चढण

बाहेर श्रीशैल जीपचं दार उघडून उभा होता. सीटवर उशी होती.

"वहिनी."

शिवलीला थांबली. "भावजी, तुमी मला उचललं न्हसतं तर मी मेले असते. त्ये मी इसरणार न्हाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "एसटीनं जाऊ."

"पायऱ्या उंच असत्यात गं."

"असू दे."

कंडक्टरनं बस थांबवून धरली. चढायला वेळ लागला. कुणीतरी मागून चुकचुकलं, कुणीतरी त्याला गप्प केलं, एका बाईनं खिडकीची जागा दिली.

खडकमाळच्या मोडावर बस अडकली. समोरून दुसरी एसटी, आणि शेजारी उसाची ट्रॉली, चढणीच्या तोंडाशी थांबलेली. पोरं मागच्या बाजूला भिडलेली होती. कल्याणप्पाचं हॉटेल त्या दिवशी बंद होतं. म्हैस मात्र बाहेरच होती आणि मान लांब करत होती.

भरलेली ट्रॉली पाहून ईरण्णा सीटवर पुढं सरकला. त्यानं बायकोचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, काच सरकवली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

एक ऊस हाताला लागला. तिनं हिसका दिला, पुन्हा दिला. ऊस सळसळत आत आला, निम्मा खिडकीबाहेरच राहिला.

"ओ बाई!" ट्रॅक्टरवाला ओरडला. "काय चाललंय?"

"ट्रॉली उभी हाय न्हवं?" शिवलीला म्हणाली.

आणि तिनं तो ऊस उजव्या गुडघ्यावर कडाकडा मोडला.